दोघांनी युरोपात रेल्वेने कसे फिरावे

आमच्या वर्धा जिल्ह्यात कापसाची शेवटची वेचणी आटोपते, तूर घरात येते आणि त्यानंतर मृगाच्या पेरणीपर्यंत शेतकऱ्याच्या घराला थोडी उसंत मिळते. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेलेला असतो, त्याच मे महिन्यात पॅरिसला दुपारचे तापमान साधारण २० अंश असते आणि रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. युरोपात रेल्वेने फिरण्यासाठी शेतकरी जोडप्याला याहून सोयीचा काळ नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि माझे यजमान शेती पाहतात. आम्ही दोघांनी सहल कंपनीच्या मदतीशिवाय पॅरिसपासून रोमपर्यंतचा प्रवास रेल्वेने केला. त्यात जे शिकलो, ते आपल्या भागातील इतर जोडप्यांना उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. आपल्या घरांत कागदपत्रे, पैसे आणि तिकिटे पुरुषाच्या पिशवीत असतात आणि बाई त्याच्या मागे चालते. आम्हीही तसेच निघालो होतो. पहिल्याच आठवड्यात स्वित्झर्लंडमधील एका लहान स्थानकावर गाडी थांबली असता, आपला डबा बरोबर आहे ना हे बाहेरच्या पाटीवर पाहण्यासाठी हे खाली उतरले आणि तेवढ्यात दारे बंद झाली. तेथील गाड्यांची दारे आपोआप मिटतात आणि गाडी सुटताना एकदा मिटली की उघडत नाहीत, त्यामुळे धावत येऊन गाडी धरण्याचा प्रश्नच उरत नाही. दोघांचे पासपोर्ट, दोघांची तिकिटे आणि इंटरनेट असलेला एकमेव मोबाइल यांच्या गळ्यातील पिशवीत होता, आणि मी दोन बॅगा घेऊन गाडीत होते. आपण कोणत्या गावी उतरणार आहोत, त्याचे नावही मला नीट वाचता येत नव्हते. मी पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच बसून राहिले आणि अर्ध्या तासाने मागच्या गाडीने हे आले, म्हणून निभावले. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येकाचा पासपोर्ट प्रत्येकाकडे, प्रत्येक तिकीट दोघांच्या मोबाइलमध्ये आणि रोजचा मार्ग दोघांच्या वहीत ठेवला. चुकामूक झालीच, तर गाडीत असलेल्याने पुढच्या थांब्यावर उतरून फलाटावरच थांबायचे आणि मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तेथे यायचे, हेही ठरवून टाकले. हा ठराव घरून निघण्यापूर्वीच व्हावा. पुढील थांबा किती दूर आहे, हे प्रत्येक वेळी गाडीत बसताच पाहून ठेवावे, कारण वेगवान गाड्या कधीकधी दीड-दीड तास कोठेच थांबत नाहीत.

कागदपत्रांची तयारी

फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी यांसह २९ देश शेंगेन क्षेत्रात येतात आणि या सर्वांसाठी एकच व्हिसा चालतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून मे महिन्यात जायचे असल्यास जानेवारीतच अर्जाला लागावे. प्रौढ व्यक्तीसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, आणि रात्री समान असल्यास प्रथम ज्या देशात प्रवेश करणार त्याच्याकडे. बोटांचे ठसे देण्यासाठी दोघांनाही स्वतः हजर राहावे लागते.

शेतकरी कुटुंबाची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आपल्यापैकी अनेकजण विवरणपत्र भरत नाहीत. परंतु ते उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरता येते, आणि ज्यांच्या मनात हा प्रवास आहे त्यांनी दोन-तीन वर्षे आधीपासून ते भरावे, असे मी आग्रहाने सांगेन. सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे इंग्रजी भाषांतरासह जोडावेत. कापूस विकल्यावर खात्यात एकदम मोठी रक्कम येते, आणि अर्जाच्या तोंडावर अशी रक्कम जमा झालेली दिसली की ती उसनी आणून दाखवली असावी असा संशय येऊ शकतो. म्हणून बाजार समितीची किंवा जिनिंगची काटापट्टी आणि विक्रीची पावती जपून ठेवावी आणि त्या नोंदीशेजारी जोडावी. मळणी, विक्री आणि शिल्लक यांचा मेळ एका साध्या पत्रात लिहून द्यावा. विवाह नोंदणीचा दाखला नसल्यास ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडून तो करून घ्यावा. बाईंचे नाव आधारवर माहेरचे, बँकेत सासरचे आणि पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगचे असे आपल्याकडे सर्रास असते. विमानाचे आणि रेल्वेचे तिकीट पासपोर्टवरील अक्षरांप्रमाणेच काढावे.

मार्ग आखताना

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमांत बारा दिवसांत सात-आठ देश असतात. रेल्वेने स्वतः जाणाऱ्या दोघांनी तो मोह पूर्णपणे सोडावा. प्रत्येक शहर बदलताना सामान बांधणे, स्थानक गाठणे, नवे स्थानक ओळखणे आणि नवी खोली शोधणे यात अर्धा दिवस जातो, आणि थकव्यात झालेल्या चुकांवरून दोघांमध्ये अबोला धरला जातो तो वेगळाच. चौदा रात्रींसाठी चार मुक्काम पुरेसे आहेत. आमचा मार्ग पॅरिस चार रात्री, लुत्सर्न तीन, फ्लॉरेन्स तीन आणि रोम चार असा होता. त्यात सात रात्री इटलीत असल्यामुळे व्हिसाही इटलीचा घ्यावा लागला. जाताना विमान पॅरिसला आणि येताना रोमहून घेतल्यामुळे मागे फिरण्याचा एक संपूर्ण दिवस आणि त्या दिवसाचा खर्च वाचला.

पॅरिसच्या गार द लिओं स्थानकावरून स्वित्झर्लंडमधील बाझेलला वेगवान गाडीने सुमारे तीन तासांत पोहोचता येते आणि तेथून लुत्सर्न साधारण एक तासावर आहे. लुत्सर्नहून मिलानची गाडी ५७ किलोमीटर लांबीच्या गॉटहार्ड बोगद्यातून जाते. हा जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा २०१६ साली सुरू झाला आणि तो आल्प्स पर्वताच्या पायथ्यातून खोदलेला असल्यामुळे गाडीला डोंगर चढावाच लागत नाही. डोंगरावरून जाणारा जुना मार्गही चालू आहे. तो अधिक वेळ घेतो, पण नागमोडी वळणांनी चढत जातो आणि ज्यांना घाई नाही त्यांनी तोच घ्यावा. मिलानहून फ्लॉरेन्स सुमारे दोन तास आणि फ्लॉरेन्सहून रोम सुमारे दीड तास आहे. लुत्सर्न ते फ्लॉरेन्स हा टप्पा या मार्गावरील सर्वांत लांब असून मिलानला गाडी बदलण्यासाठी निदान एक तासाची सवड ठेवावी. संगणक पंधरा मिनिटांची जोडगाडी दाखवतो, ती बॅगा ओढणाऱ्या नवख्या माणसासाठी नसते.

लुत्सर्नच्या तीन दिवसांपैकी एक दिवस रिगी पर्वतासाठी राखावा, कारण रेल्वेवर प्रेम असणाऱ्याला तेथे जे मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. लुत्सर्नच्या धक्क्यावरून बोटीने फित्सनाउ गावी जावे आणि तेथून दातेरी रुळांच्या गाडीने वर चढावे. युरोपातील ही पहिली पर्वतीय रेल्वे १८७१ साली सुरू झाली. मूर्तिजापूरच्या शकुंतला या अरुंद रुळांच्या लहान गाडीत बसून वाढलेल्या आमच्या पिढीला त्या गाडीत बसल्यावर काय वाटते, हे शब्दांत सांगणे मला कठीण आहे. दीडशे वर्षे उलटून गेल्यावरही ती रोज धावते आहे, हे पाहून आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.

मुक्काम शक्यतो स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घ्यावा. रात्रभर धावणाऱ्या शयनगाड्याही आहेत आणि त्यांत दोघांसाठी स्वतंत्र कक्ष मिळतो, परंतु पहिल्या प्रवासात दिवसाच्याच गाड्या घ्याव्यात, असे माझे मत आहे. खिडकीतून दिसणारा प्रदेश हाच या प्रवासाचा मोठा भाग आहे, आणि उजेडात नव्या शहरात उतरणे दोघांच्याही मनाला शांत ठेवते.

तिकिटे आणि पास

आपल्याकडे आता ६० दिवस आधी आरक्षण उघडते आणि प्रतीक्षा यादीची आशा शेवटपर्यंत असते. युरोपातील लांबच्या वेगवान गाड्यांचे आरक्षण सामान्यतः तीन-चार महिने आधी उघडते आणि तेथे प्रतीक्षा यादी नसते. फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांचे भाडे विमानाप्रमाणे वाढत जाते, म्हणजे आज काढलेले तिकीट स्वस्त आणि आदल्या दिवशी काढलेले कितीतरी महाग असू शकते. स्वस्त तिकिटे बहुधा परत करता येत नाहीत, म्हणून ती व्हिसा हाती आल्यावरच काढावीत. व्हिसासाठी लवकर अर्ज करावा असे मी वर म्हटले त्याचे खरे कारण हेच आहे. मार्चमध्ये व्हिसा मिळाला, तर मेची तिकिटे तेव्हाही वाजवी दरात मिळतात. हॉटेलची आरक्षणे मात्र रद्द करता येतील अशीच घ्यावीत, कारण ती अर्जासोबत दाखवावी लागतात.

अनेक देशांच्या रेल्वेसाठी एकच असलेला युरेल पास घ्यावा का, असे मला अनेकांनी विचारले आहे. हा पास युरोपाबाहेरील रहिवाशांसाठी असून तो ३३ देशांत चालतो आणि ६० वर्षांवरील प्रवाशांना त्यात दहा टक्के सवलत आहे. परंतु फ्रान्स व इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे आरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते आणि काही गाड्यांत पासधारकांसाठी जागा मोजक्याच असतात. वरील मार्गासारखे चार-पाचच लांब प्रवास असतील, तर आधी काढलेली सुटी तिकिटे सहसा स्वस्त पडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नसते. तेथे रोज नव्या गावी जाण्याची इच्छा असेल, तर पासचे मोल कळते. केवळ स्वित्झर्लंडमध्ये तीन-चार दिवस भरपूर फिरायचे असल्यास स्विस ट्रॅव्हल पासचा हिशेब करून पाहावा. त्यात सरोवरातील बोटी येतात आणि रिगीची गाडीही येते.

दोघांची आसने एकाच वेळी, एकाच व्यवहारात काढावीत, म्हणजे ती शेजारी मिळतात. तिकिटाची एक कागदी प्रतही जवळ ठेवावी, कारण मोबाइलची बॅटरी संपण्याची वेळ सांगून येत नाही. मोबाइलचे सिम किंवा ई-सिम घेताना स्वित्झर्लंड त्यात समाविष्ट आहे का, हे मुद्दाम विचारावे. तो देश शेंगेन क्षेत्रात असला तरी युरोपीय संघात नाही, म्हणून अनेक स्वस्त योजनांतून तो वगळलेला असतो.

स्थानकावर आणि गाडीत

मोठ्या शहरांत एकाहून अधिक मुख्य स्थानके असतात. पॅरिसला गार द लिओंवरून स्वित्झर्लंडकडे, तर गार द्यू नोरवरून ब्रुसेल्स व ॲमस्टरडॅमकडे गाड्या जातात. तिकिटावरील स्थानकाचे पूर्ण नाव आदल्या संध्याकाळी दोघांनीही मोठ्याने वाचावे. गावांची नावे त्या त्या देशाच्या भाषेत लिहिलेली असतात. फ्लॉरेन्सच्या पाटीवर फिरेन्झे, व्हेनिसच्या पाटीवर वेनेत्सिया आणि व्हिएन्नाच्या पाटीवर वीन असे दिसते. ही मूळ नावे रोमन अक्षरांत वहीत उतरवून घ्यावीत. फ्लॉरेन्सचे मुख्य स्थानक सान्ता मारिया नोव्हेला आहे. व्हेनिसला जाणाऱ्यांनी मेस्त्रे या जमिनीवरील स्थानकावर न उतरता पुढील सान्ता लुचियाला उतरावे. फलाटासाठी फ्रेंचमध्ये व्वा, जर्मनमध्ये ग्लाइस आणि इटालियनमध्ये बिनारिओ हे शब्द आहेत. एवढे चार-सहा शब्द दोघांना ओळखता आले, की फलक वाचणे वर्धा किंवा बडनेरा स्थानकावरील फलक वाचण्याइतके सोपे होते.

पॅरिसला फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या साधारण वीस मिनिटे आधीच दिसतो, त्यामुळे लवकर पोहोचून फलकासमोर उभे राहावे लागते. फलाटाच्या तोंडाशी तिकीट तपासणारी दारे असतात आणि गाडी सुटण्याच्या दोन मिनिटे आधी चढणे बंद होते. फलाटावरील नकाशात आपला डबा कोठे लागेल ते दाखवलेले असते. गाडीचे दार आपोआप उघडले नाही, तर त्यावरील बटण दाबावे. काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटून वेगवेगळ्या गावांना जातात, म्हणून डब्यावरील गंतव्य वाचल्याशिवाय बसू नये. मात्र ते चढण्यापूर्वी वाचावे, मध्येच उतरून नव्हे. जर्मनी व ऑस्ट्रियात आसनाच्या वर ते कोठून कोठपर्यंत आरक्षित आहे हे लिहिलेले असते, आणि तसे काही नसलेल्या जागेवर बसता येते.

इटलीत स्थानिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. फ्लॉरेन्सहून पिसाला जाताना ही गोष्ट विसरली, तर तिकीट असूनही दंड होतो. आसन व वेळ ठरलेल्या वेगवान गाडीच्या तिकिटाला हे लागत नाही.

हमाल जवळजवळ कोठेच मिळत नाहीत, हे सामान भरताना ध्यानात असावे. प्रत्येकाने स्वतःची बॅग जिन्यावरून स्वतः उचलून नेता आली पाहिजे, म्हणून माणशी एकच मध्यम बॅग आणि पाठीवर एक लहान पिशवी, एवढेच घ्यावे. निघण्यापूर्वी भरलेली बॅग घेऊन घराच्या जिन्यावरून दोनदा चढून-उतरून पाहावे. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी बंधनकारक आहे. पॅरिसची भुयारी रेल्वे, मिलान सेंट्रल आणि रोमचे टर्मिनी येथे खिसेकापूंचा वावर असतो. तिकीट यंत्राजवळ कोणी आपण होऊन मदतीला आले, तर नम्रपणे नको म्हणावे. एकाने यंत्र हाताळावे आणि दुसऱ्याने सामानावर हात ठेवून उभे राहावे. दोघे असण्याचा हा मोठा फायदा आहे. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयांत घेऊ का असे विचारते, तेव्हा नेहमी युरो किंवा स्विस फ्रँक हाच पर्याय निवडावा, कारण रुपयांतील दर महाग पडतो.

शिदोरी

युरोपीय संघात प्रवाशाला भारतातून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, खवा, पेढे आणि पनीर घरीच ठेवावे. नागपुरी संत्रीही नेऊ नयेत, कारण ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. जवसाची चटणी, भाजलेले पोहे, शेंगदाणे, तिखट आणि मसाला व्यवस्थित बंद करून नेले, तर निदान सकाळची सोय होते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास भाजी-भात करता येतो. आम्ही पॅरिसला रोज संध्याकाळी तसेच केले, आणि दिवसभराच्या गोष्टी आठवत चुलीशी बसण्याचा आनंद बाहेरच्या जेवणापेक्षा मोठा होता. गाडीत खाण्यास मनाई नसते, पण रेल्वेच्या बंद डब्यात उग्र वासाची चटणी उघडू नये आणि शांततेसाठी राखलेल्या डब्यात फोनवर बोलू नये. नळाचे पाणी या तिन्ही देशांत पिण्यायोग्य आहे. रोमच्या रस्त्यांवर तर चोवीस तास वाहणारे नळ आहेत. नित्याची औषधे दोघांच्या पिशव्यांत निम्मी-निम्मी ठेवावीत.

गाडी चुकली किंवा संप झाला तर

गाडी ६० मिनिटे किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचणार असेल, तर युरोपीय संघाच्या नियमानुसार प्रवाशाला पैसे परत घेण्याचा किंवा दुसऱ्या गाडीने जाण्याचा पर्याय मिळतो. प्रवास केल्यास ६० ते ११९ मिनिटांच्या उशिरासाठी भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांपासून पुढे ५० टक्के भरपाई मागता येते. काही विशेष कारणांना मात्र अपवाद आहेत. जोडगाडी असल्यास संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घ्यावे, म्हणजे पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तरी जबाबदारी आपल्यावर येत नाही. इटलीत संपाला शोपेरो आणि फ्रान्समध्ये ग्रेव्ह म्हणतात, आणि हा शब्द फलकावर दिसला की चौकशी करावी. इटलीतील संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत स्थानिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते. कोणत्याही संकटात ११२ हाच क्रमांक तेथेही चालतो. देशांच्या सीमांवर गाडीतच पासपोर्ट तपासला जाऊ शकतो, म्हणून तो बॅगेत न ठेवता अंगावर ठेवावा, आणि दोघांनी आपापला.

परतीच्या दिवशी रोमच्या टर्मिनी स्थानकावरून विमानतळाची थेट गाडी ३२ मिनिटांत फ्युमिचिनोला पोहोचवते. शेंगेन सीमेवर आता चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे यांची संगणकीय नोंद होत असल्यामुळे रांगेसाठी वेळ हाती ठेवावा आणि विमानाच्या चार तास आधी तेथे असावे. मुंबईहून गावाकडे येण्याचे विदर्भ एक्सप्रेसचे आरक्षण मात्र घरून निघण्यापूर्वीच करून ठेवावे, कारण मेच्या लग्नसराईत ते ऐनवेळी मिळत नाही. विमान सकाळी उतरणार असेल, तर त्याच संध्याकाळची गाडी घ्यावी. उशिरा उतरणार असेल, तर दुसऱ्या दिवसाची घ्यावी.